बटाटा मुळाला लागत नाही

(वारूळवाडी येथील विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात रविवारच्या अभ्यासवर्गातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या भाषणाकडून लोकांची एक अपेक्षा असते, ती आम्हाला ठाऊक आहे. चळवळीवर आणि धम्मावर आमच्या आधीचे वक्ते आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने बोललेले आहेत. आम्ही रविवारी सकाळी या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेणारी शिक्षक मंडळी. संयोजकांनी आम्हाला सांगितले, की मुलांनी वर्षभरात काय केले तेवढे सांगा. मुलांनी बटाटे लावले. तेव्हा आम्ही बटाट्यावर बोलणार आहोत. मागे कोणीतरी हसले, हसू द्या. आपल्यापैकी किती घरांनी बटाट्याच्या काढणीच्या मजुरीवर वह्या-पुस्तके घेतली आहेत, ते हसणाऱ्यालाही माहीत आहे.

गोष्ट सुरू झाली एका गाळलेल्या जागेपासून. प्रश्न असा होता, की बटाटा हे झाडाचे कोणते अंग आहे, मूळ की खोड? एक गुणाचा प्रश्न. वर्गात दोन तट पडले. ज्यांनी पुस्तक पाठ केले होते त्यांनी ‘खोड’ लिहिले. का रे बाबा खोड, असे विचारले तर उत्तर आले, “सर, पुस्तकात आहे.” दुसऱ्या तटाने ‘मूळ’ लिहिले. त्यांनाही विचारले, का? ती म्हणाली, “जमिनीखाली असतंय म्हणून.” ही दुसरी मुले कोण होती? सातगाव पठारावर काढणी लागली की आईबरोबर टेम्पोत बसून जाणारी, हाताने हजारो बटाटे वेचलेली मुले. उत्तर चुकले ते त्यांचे, आणि गुण गेला तो त्यांचा. आम्हाला मात्र तीच मुले जास्त जवळची वाटली, कारण त्यांनी निदान कारण तरी दिले होते. डोळ्यांनी पाहिलेले आणि पुस्तकात छापलेले यांची कोणी गाठच घालून दिली नव्हती.

त्या दिवशी विहाराची झाडलोट करायला आलेल्या एक मावशी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची उभी हयात रानात गेलेली. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, बटाटा मुळाला लागत नाय. मुळ्या येगळ्या, नाळ येगळी. बटाटा नाळंला लागतो.” सगळा वर्ग चूप. पुस्तकात जिला भूमिगत फांदी म्हणतात आणि शास्त्रात जिला स्टोलॉन म्हणतात, तिला या बाईंनी नाळ म्हटले होते. आम्ही मावशींना विनंती केली, की पुढच्या रविवारी तुम्हीच शिकवा. त्या लाजल्या, पण आल्या. आणि त्यांनीच सांगितले, की असं फळ्यावर काढून पोरांना कळायचं नाय, लावून बघा.

पण लावणार कुठे? आपल्यातल्या पुष्कळ घरांना गुंठाभर जमीन नाही. म्हणून मुलांनी सिमेंटची रिकामी पोती आणली, ती धुऊन घेतली आणि पाणी निचरायला बुडाशी भोके पाडली. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत असे मिश्रण पोत्यात वीतभर भरले आणि पोत्याच्या कडा बाहेर दुमडून ठेवल्या. विहाराच्या मागे ऊन येते त्या बाजूला ही पोती ओळीने मांडली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपल्यावर, लावणी झाली.

लावणीच्या आधी दोन रविवार आम्ही नुसता बटाटा बघण्यात घालवले, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त शिकणे तिथेच झाले. बटाट्याला डोळे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते कसेही विखुरलेले नसतात. आम्ही मुलांना सांगितले, की प्रत्येक डोळ्यात एक आगकाडी खोचा आणि मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काडी ते काडी दोरा गुंडाळत जा. दोरा फिरत फिरत जिन्यासारखा वर चढला. आता झाडाची फांदी घ्या, तिच्यावरची पानेही अशीच फिरत चढलेली असतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी असते आणि तिच्यातून नवी फांदी फुटते. बटाट्याच्या डोळ्याखाली बारीक भुवईसारखी रेघ असते पाहा, ती त्या न वाढलेल्या पानाची खूण आहे. डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेतली कळी. मुळाला पाने नसतात आणि अशा रांगेने मांडलेल्या कळ्याही नसतात. म्हणजे बटाटा हा फुगलेला, आखूड झालेला, जमिनीखाली राहिलेला फांदीचा शेंडा आहे. एक मुलगी पटकन म्हणाली, “मग रताळ्याला काड्या खोचून बघू.” खोचायला गेली तर रताळ्यावर तसे रांगेतले डोळे सापडेनात. रताळे हे खरे मूळ. त्या मुलीला पुस्तकातली ओळ पाठ करायची आता गरज उरलेली नाही.

बटाट्याच्या एका टोकाला डोळे दाट असतात, तो शेंडा. दुसऱ्या टोकाला वाळलेल्या देठासारखी खूण असते, ती मावशींची नाळ तुटल्याची खूण. पहिला कोंब बहुधा शेंड्याकडून येतो आणि तो वाढू लागला की बाकीचे डोळे दबून राहतात. शेंडा कापला की मग खालचे डोळे जागे होतात. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, “हरभऱ्याचं असंच करत्यात.” बरोबर आहे. हरभऱ्याचा शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात. नियम तोच, एक जमिनीवर आणि एक जमिनीखाली.

बेण्याबद्दल थोडे सांगतो. काढल्या काढल्या बटाटा लावला तर तो उगवत नाही. दोन-अडीच महिने तो झोपलेला असतो, त्याला सुप्तावस्था म्हणतात. झोप संपली की कोंब येतात. अंधारात ठेवलेल्या बटाट्याचे कोंब पांढरे, लांब, लेचेपेचे होतात आणि उजेडात ठेवलेल्याचे आखूड, जाड, हिरवट-जांभळे. आम्ही दोन्ही करून दाखवले. आपल्याकडे मंचरच्या व्यापाऱ्यांमार्फत पंजाबातून बेणे येते, ते का, असे पुष्कळ मुलांनी विचारले. कारण असे, की मावा नावाची बारीक कीड एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसते आणि विषाणूरोग पसरवते. उत्तरेकडच्या मैदानात हिवाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे मावा फार कमी असतो. तेवढ्या काळात बेण्याचे पीक वाढवून, मावा वाढायच्या आत त्याचा पाला कापून टाकतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ही पद्धत बसवून दिली. ही संस्था १९४९ साली पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. तुम्ही बेण्याच्या पोत्यांवर कुफरी ज्योती, कुफरी पुखराज अशी नावे वाचली असतील. कुफरी हे सिमल्याजवळचे गाव आहे. १९७२ साली तिथून कुफरी लवकर नावाचा वाण आला, तो लवकर तयार होणारा आणि आपल्यासारख्या पठारी मुलखाला चालणारा. नावात आपलाच शब्द ऐकू येतो, नाही का?

मोठे बटाटे आम्ही कापून लावले, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवून. कापलेल्या बाजूवर साल धरेपर्यंत सावलीत ठेवले, नाहीतर फोड कुजते. पावसाळ्यात तर ही भीती फार, म्हणून तेव्हा अख्खे बेणे लावलेले बरे. एका मुलाच्या हट्टाखातर एका पोत्यात बिनडोळ्याची फोड लावली. ती कुजली. मुलांना सांगायची वेळच आली नाही, त्यांनी स्वतः उकरून पाहिले.

पंधरा-वीस दिवसांत कोंब वर आले. रोप वीतभर झाले की माती घालायची, पुन्हा वाढले की पुन्हा घालायची आणि पोत्याची दुमडलेली कड एक घडी उलगडायची. रानात आपण भर लावतो, तीच ही. मजुरी करणाऱ्या प्रत्येक बाईने भर लावली आहे. मात्र ती का लावतात, हे मुकादम सांगत नाही. बटाटे लागतात ते बेण्याच्या वर, जमिनीखालच्या खोडातून निघणाऱ्या नाळींना. माती जेवढी वर चढेल तेवढी नाळींना अंधारी, भुसभुशीत जागा मिळते. आम्ही एका पोत्याला मुद्दाम भर लावली नाही. त्या पोत्यात काय झाले ते पाहायला मोठी माणसेही येऊ लागली. एक नाळ मातीतून बाहेर आली आणि उजेड लागताच तिच्या टोकाला चक्क पाने फुटली. जी अंधारात राहती तर बटाटा झाली असती, ती उजेडात येऊन फांदी झाली! बटाटा खोड आहे याला याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? आमचे एक सहकारी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतात. हे त्यांनीही आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, आणि ते तसे म्हणालेही.

सहा डिसेंबरला सकाळी अभिवादन झाले आणि त्यानंतर आम्ही एक पोते फाडले. लावून सुमारे चाळीस दिवस झाले होते. मुलांनी माती हलक्या हाताने पाण्याने धुतली. बारीक केसाळ मुळ्या एकीकडे, आणि पांढऱ्या दोऱ्यासारख्या नाळी दुसरीकडे. काही नाळींची टोके नुसती आकड्यासारखी वाकलेली, काहींची वाटाण्याएवढी फुगलेली, एक-दोन सुपारीएवढी. मावशींना बोलावले. त्यांनी एक नाळ बोटावर धरून दाखवली. फळ्यावर आम्ही तासभर बोललो असतो तरी ते झाले नसते.

आता नाळ का फुगते? पाने उन्हात जे अन्न बनवतात त्यातले उरलेले झाड खाली पाठवते आणि तिथे ते पिठूळ, म्हणजे स्टार्चच्या रूपाने साठते. औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन चकतीवर टाकले की ती काळीनिळी होते, तो स्टार्च. सगळ्या मुलांनी हे करून पाहिले आणि घरी जाऊन भातावर, भाकरीवरही टाकून पाहिले, त्याबद्दल आयांच्या तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत. साठा करण्याचा हा निरोप झाडाला मिळतो दिवस लहान झाले आणि रात्री गार पडल्या की. रात्री फार उकाडा असेल तर पाला माजतो आणि खाली काही धरत नाही. आपल्याकडे रब्बीचा बटाटा थंडीत का येतो, त्याचे उत्तर हे. आणि आंबेगाव तालुक्यात पेठ, कुरवंडी, कारेगाव, भावडी, थुगाव या बाजूला भर पावसाळ्यात बटाटा का जमतो, त्याचेही. ते पठार उंचावर आहे, तिथे पावसाळ्यात हवा गार असते आणि पाणी निचरून जाते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर काढणी झाली. पाला पिवळा पडला होता. बटाटे किती निघाले ते विचारू नका, पोत्यातली शेती ती, पण त्या दिवशी सगळ्यांना भाजी-भाकरी झाली. प्रत्येक झाडाच्या बुडाशी मुलांना एक सुरकुतलेली पोकळ साल सापडली. लावलेले बेणे ते. आपल्यातले सगळे कोंबांना देऊन संपलेले.

आणि भर न लावलेल्या पोत्यातले बटाटे? ते हिरवे निघाले. इथे आयाबहिणींनी नीट ऐकावे, हे स्वयंपाकघरातले आहे. उजेडात राहिलेला बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग पानातलाच, त्याने काही होत नाही. पण त्याच उजेडाने बटाट्यात सोलॅनिन नावाचे कडू विष वाढते. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. थोडासा भाग हिरवा असेल तर तो खोल कापून टाकावा, जास्त हिरवा किंवा चवीला कडू लागणारा बटाटा सरळ फेकून द्यावा. १९६९ साली लंडनच्या एका शाळेत असल्या बटाट्यांच्या जेवणाने ७८ मुले आजारी पडली होती. बाजारात हिरवे बटाटे स्वस्तात देतात आणि गरिबाच्या पिशवीत तेच जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. बटाटे टोपलीत ठेवायचे तर वर पोते झाका.

मुलांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, की बटाट्याला बी नसते का? असते. टोमॅटोसारखे छोटे हिरवे फळ काही झाडांना धरते, त्यात बिया असतात. फळ खाण्याचे नाही, विषारी असते. आपल्या नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात वाढलेल्या मुलांना हे सांगितले की डोळे मोठे होतात: टोमॅटो, वांगे, मिरची, तंबाखू, धोतरा आणि बटाटा एकाच कुळातले. बटाट्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम केले तर एकाच झाडाला वर टोमॅटो आणि खाली बटाटे लागतात, आणि हे गमतीचे नाही, खरेच करतात. बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप वेगळे निघते, नवे वाण त्यातूनच शोधतात. डोळ्यापासून उगवलेले मात्र हुबेहूब आईसारखे.

या हुबेहूबपणाची एक फार वाईट कहाणी आहे. आयर्लंड देशात गेल्याच्या गेल्या शतकात बहुतेक जमीन जमीनदारांची होती. गोरगरीब कूळ आणि शेतमजूर इवल्याशा तुकड्यावर बटाटा लावून जगत, कारण तेवढ्या जागेत पोटभर होईल असे दुसरे पीक नव्हते. लावत ते बहुतेक एकाच जातीचा बटाटा, लम्पर नावाचा. १८४५ साली करपा आला. आपल्याकडे ढगाळ हवेत पानावर काळे डाग पडतात आणि दोन-चार दिवसांत रान जळाल्यासारखे दिसते, तोच करपा. सगळी झाडे एकसारखी, म्हणून एकाला जे झाले ते सगळ्यांना झाले. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. आयर्लंड बेटाची लोकसंख्या आजसुद्धा त्या दुष्काळापूर्वी होती तेवढी झालेली नाही. आणि त्याच काळात त्याच देशातून धान्य भरलेली जहाजे बाहेर जात होती, कारण धान्य जमीनदाराचे होते. बटाट्याला करपा लागला हे खरे, पण माणसे मेली ती हातात जमीन नव्हती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता म्हणून. त्या वेळी कोणी म्हणे देवाचा कोप झाला, कोणी म्हणे आगगाडीच्या धुराने झाले. पुढे १८६१ च्या सुमारास आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले, की हा बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवाचा रोग आहे. मुलांनी हा भाग सगळ्यात शांतपणे ऐकला. एकाने विचारले, “मग सगळ्यांनी एकच वाण का लावायचा?” हा प्रश्न आम्ही त्याच्याजवळच राहू दिला आहे.

बटाट्याचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. पेरू देशात टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या मुलखात हजारो वर्षांपूर्वी तिथल्या मूळनिवासी शेतकऱ्यांनी रानटी, कडू कंदातून खाण्याजोगा बटाटा निवडून काढला. तिथल्या बायका-पुरुष बटाटे रात्रीच्या हिमात गोठवतात, दिवसा पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवून वर्षानुवर्षे ठेवतात. उन्हाळ्यात गच्चीवर कीस वाळत घालणाऱ्या आपल्या बायकांना ही युक्ती नवीन वाटायची नाही. आपल्याकडे सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी पश्चिम किनाऱ्यावर हे पीक आणले. उत्तरेत त्याला आलू म्हणतात, आपण पोर्तुगिजांचा ‘बटाटा’ घेतला. त्यातही गंमत अशी, की हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा आणि तो रताळ्याचा! नाव मुळाचे आणि वस्तू खोडाची. मुलांनी ‘मूळ’ लिहिले तर नावानेच त्यांना फसवले असेही म्हणता येईल.

आपण मुलांना लेण्याद्रीला नेतो, मानमोडीची लेणी दाखवतो. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी होती आणि तिने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, हे शिलालेखात कोरलेले आहे. यंदा आम्ही मुलांना तिथे नेऊन विचारले, की त्या दुकानांत काय काय नसेल? बटाटा नव्हता, मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, मका नव्हता, भुईमूग नव्हता. हे सगळे अमेरिका खंडातून नंतर आलेले. भिक्खूंच्या पात्रात तिखट काय पडत असेल, यावर वाद झाला. मिरी आणि आले, असे मुलांनी ठरवले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शाळेत शेती शिकवा, ही काही आमची कल्पना नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे मागितले आहे. नुसते मागितले नाही, तर खेड्यातल्या शाळेला जोडून एक छोटी नमुना शेती असावी, तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकता यावे, असेही सांगितले आहे. या गोष्टीला दीडशे वर्षे होत आली. आपल्या शेजारी शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच वाटेवरचा. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला आणि शाळेने नापास ठरवलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवू लागला. २००३ साली ते गेले, आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. हे सगळे असूनही बहुतेक शाळांत बटाटा अजून फळ्यावरच उगवतो.

पण आपणही कुठे तरी विचार करायला हवा. काढणीचे पंधरा दिवस आले की वर्गातली ठरावीक बाके रिकामी होतात. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा झाला, पोरांची नावे पटावर आली, पण पट म्हणजे हजेरी नव्हे. घरात चार हात कामाला गेले तर चार रोज येतात, हे आम्ही जाणतो, आमच्यातल्या काहींचे बालपणही असेच गेले आहे. म्हणून दोष देण्यासाठी आम्ही बोलत नाही. हिशेब मांडतो. त्या पंधरा दिवसांत अपूर्णांक बुडतात, मग टक्केवारी कळत नाही, मग नववीत गणित सुटते, आणि दहावीनंतर ते पोर पुन्हा त्याच टेम्पोत, आता कायमचे. विशेषतः मुली. धाकट्याला सांभाळायला म्हणून बांधावर नेलेली मुलगी नंतर वेचायला लागते आणि मग तिचे नाव शाळेत नुसतेच राहते.

आमची दोन मागणी आहेत. पहिली, काढणीला पोरांना नेऊ नका, आणि अगदीच सांभाळायला कोणी नसेल तर त्यांना इथे विहारात सोडा. सकाळी साडेसात ते शाळा भरेपर्यंत आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत आमच्यापैकी कोणीतरी इथे असेल, मंडळाशी तसे बोलणे झालेले आहे. ज्यांचे बुडाले आहे त्यांचे अपूर्णांक त्याच वेळात भरून घेऊ. दुसरी मागणी आयांसाठी आहे. ज्यांना कांद्याचे रोप, उसाची बांधणी, भुईमुगाच्या आऱ्या, टोमॅटोची सुतळी यातले काहीही हाताने येते, त्यांनी एका रविवारी येऊन आमच्या वर्गाला ते शिकवावे. अक्षर येत नाही म्हणून संकोच करू नये, लिहून घ्यायला मुले आहेत. मावशींनी सुरुवात करून दिलेली आहे, त्या तिकडे खांबाशी बसल्या आहेत आणि आम्ही नाव घेणार नाही या अटीवर आज आल्या आहेत.

पोती यंदाही भरायची आहेत. या वेळी मुलांच्या मनात दोन वेगळे वाण शेजारी शेजारी लावून बघायचे आहे, आणि एका पोत्यात भुईमूग, जमिनीवर फुलून खाली उतरणाऱ्या आऱ्या बघायला. सिमेंटची रिकामी पोती ज्यांच्याकडे असतील त्यांनी धुऊन आणावीत, युरियाची नकोत. शेणखताची एक पाटी प्रत्येकाने आणली तर पुरेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता मागच्या अंगणात जमायचे आहे, खुरपे घरून आणावे.